तिला उकिडवं बसवायचं होतं

काम तसं एवढंसंच होतं. एका बाईला उकिडवं बसवायचं. त्याच्यापायी माझा अख्खा एप्रिल आणि मे गेला, जुना लॅपटॉप भाजून निघाला आणि आईने मला दोनदा विचारलं की तू नक्की चित्रंच काढते नं गं.

झालं असं की एका छोट्या प्रकाशकाकडून मुलांच्या चित्रपुस्तकाचं काम आलं, ३२ पानं, विषय कपाशीचं गाव, आणि त्यात एक गिरजा आजी आहे जी जवळपास प्रत्येक पानावर आहे आणि प्रत्येक पानावर काही ना काही करून राहिली आहे. निंदण करते, चूल पेटवते, तांदूळ निवडते, नातवाला आंघोळ घालते. वाचताना फार गोड वाटलं, मी लगेच हो म्हणून टाकलं, आणि मग कच्ची स्केचेस करायला बसले तेव्हा लक्षात आलं की ही बाई पुस्तकभर उभीच राहत नाही! सगळी कामं जमिनीलगत. मोजलं तर १९ पानांवर ती उकिडवी नाहीतर मांडी घालून. आणि मला उकिडवं बसलेलं माणूस नीट काढता येत नाही, हे इथे सरळ मान्य करून टाकते. बाजूने काढलं तर कसंबसं जमतं. समोरून काढायचं म्हणजे गुडघे थेट तुमच्या तोंडावर येतात, मांडी दिसतच नाही, पोटरी मागे लपते, पोट मांड्यांमध्ये, हात गुडघ्यांवरून पुढे, आणि या सगळ्यावर लुगडं.

माझ्याकडे एक लाकडी बाहुला आहे, तो सांधे वळणारा, कॉलेजात असताना नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला. त्याला बसवून पाहिलं. त्याचा गुडघा काटकोनाच्या थोडा पुढे जातो आणि थांबतो, त्यामुळे तो कायम न दिसणाऱ्या स्टुलावर बसल्यासारखा दिसतो. वीस वर्षं तो माझ्या टेबलावर आहे आणि तो उकिडवा बसू शकत नाही हे मला आत्ता कळलं, कारण इतक्या वर्षांत मी त्याला फक्त धावायला नाहीतर कमरेवर हात ठेवून उभं राहायला लावलं.

फोटो का नाही वापरले असं कोणीही विचारेल. वापरले नं. आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्या मोरीजवळ इतक्या सुंदर बसतात की काय सांगू, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ सैल, अर्धा तास हलणार नाहीत. मी मोबाइल काढला की त्या उठून उभ्या राहतात आणि पदर नीट करतात. तीनदा झालं हे. आईला म्हटलं तू बस, तर ती म्हणे, "माझे गुडघे तुले माहीत नाही का गं, मी खाली बसली तर उठवायले दोघं लागतील." शेतात जाऊन पाहावं तर एप्रिल-मेमध्ये कुठलं निंदण, पाऊस पडल्यावर पेरणी, मग तण, मग निंदण. आणि फोटो मिळाला तरी तो एकाच कोनातून मिळतो, मला तीच आजी, त्याच अंगाची, वरून, मागून, जवळून, बांधावरून हवी होती. म्हणजे थ्रीडी बाहुलाच पाहिजे, कॉम्प्युटरमधला.

इथून माझी शोधाशोध सुरू झाली, आणि सुरुवात भाच्यापासून झाली. तो इंजिनीअरिंगला आहे आणि गेम खेळण्याच्या नावाखाली त्याला सगळं माहीत असतं. त्याने एका दमात दहा नावं सांगितली, मी वहीत लिहून घेतली, आणि मग त्याने माझा लॅपटॉप पाहिला. "मावशी, तुझ्याजवळ तर ग्राफिक कार्डच नाही आहे." असं म्हणून तो अशा चेहऱ्याने हसला जसं काही मी बैलगाडीने विमानतळावर आले.

वहीतलं एक नाव जुनंच निघालं, पोझर. त्याची गोष्ट वाचून मला बरं वाटलं कारण ते बनवलंच होतं माझ्यासारख्यांसाठी. १९९५ मध्ये आलं ते, लॅरी वाइनबर्ग नावाच्या माणसाने लिहिलेलं, टेबलावरच्या लाकडी बाहुल्याच्या जागी कॉम्प्युटरमधला बाहुला असावा म्हणून. म्हणजे माझी अडचण तीस वर्षं जुनी आहे. नंतर ते बऱ्याच मालकांच्या हातातून फिरलं, फ्रॅक्टल डिझाइन, मग मेटाक्रिएशन्स, पुढे स्मिथ मायक्रो, आणि २०१९ पासून रेंडरोसिटीवाल्यांकडे आहे. पण ते विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आणि माझा हात तेव्हा खिशाकडे जात नव्हता, त्यामुळे फुकटवाल्यांकडे आधी वळले.

फुकटवाल्यांत सगळ्यात मोठं नाव डॅझ स्टुडिओ. हे सॉफ्टवेअर फुकट, त्याच्यासोबत येणारी मूळ माणसं फुकट, आणि कपडे, केस, चेहरे, पोझ, सगळं दुकानातून विकत. यात लबाडी काही नाही, सरळ धंदा आहे, पण एकदा का त्या दुकानात शिरलं की बर्डीवर एक रुमाल घ्यायला गेलेल्या माणसासारखी गत होते. त्यांच्या माणसांना जेनेसिस म्हणतात आणि त्यांना पिढ्या आहेत, जेनेसिस ८ हे २०१७ चं, जेनेसिस ९ हे २०२२ चं. आठमध्ये बाई वेगळी आणि पुरुष वेगळा, नऊमध्ये एकाच मूळ देहातून दोन्ही बनवायचे. मी बाईच घेतली आणि लगेच पहिलं काम केलं ते म्हणजे तिला बसवलं. मांडी वर, गुडघा पूर्ण वाकव, घोटा वाकव, कंबर खाली.

आणि बसली हो ती! बऱ्यापैकी बसली. याचं कारण मला नंतर कळलं आणि ते मला फार आवडलं, म्हणून थोडं सांगते. कॉम्प्युटरमधल्या माणसाला हाडं असतात आणि वरून कातडं असतं, मांस नसतं. कातड्याचा प्रत्येक बिंदू कोणत्या हाडाचं किती ऐकेल ते ठरवलेलं असतं. गुडघ्याजवळचा बिंदू अर्धं मांडीचं ऐकतो अर्धं पोटरीचं. थोडं वाकवलं तर छान, पण पूर्ण दुमडलं की त्या बिचाऱ्या बिंदूला दोघंही दोन दिशांना ओढतात आणि गुडघा चेपतो, पाण्याचा पाइप दुमडल्यावर जसा चपटा होतो तसा. मग यावर उपाय म्हणून बनवणाऱ्यांनी दुमडलेल्या गुडघ्याचा आकार आधीच हाताने घडवून ठेवलेला असतो, आणि गुडघा एका ठराविक अंशाच्या पुढे गेला की तो आकार आपोआप चढत जातो. म्हणजे कोणीतरी कुठेतरी बसून, गुडघा एवढा वाकला तर कसा दिसेल, याचा विचार करून तो कोरून ठेवला आहे. मला एकदम आदर वाटला त्या माणसाबद्दल.

पण मग मी चूक केली. म्हटलं छान दिसते आहे तर एक रेंडर करून पाहू, म्हणजे कॉम्प्युटरकडून उजेड-सावलीसकट पूर्ण चित्र बनवून घेऊ. डॅझमध्ये आयरे नावाचं रेंडर इंजिन आहे, एनव्हिडियाचं, त्यामुळे एनव्हिडियाचं कार्ड असलं की ते पळतं आणि नसलं की सगळा भार साध्या प्रोसेसरवर. माझ्याकडे काय आहे ते भाच्याने सांगितलंच होतं. रात्री अकराला लावलं. नवतपा सुरू, बाहेर अजूनही झळा, लॅपटॉप मी चक्क कूलरसमोर ठेवला पाटावर, खाली दोन वाट्या उपड्या घालून हवा जायला, आणि कूलरचं पाणी उडेल म्हणून मध्ये पुठ्ठा. दोन वाजता उठून पाहिलं तर आजीच्या जागी मुंग्या चालल्यासारखे ठिपके. चार वाजता चेहरा ओळखू येत होता. साडेपाचला लाइट गेली. या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे हे मला माहीत होतं, म्हणजे दोष माझाच. आई म्हणे, कूलर तरी माणसांसाठी ठेव.

त्या सकाळी पोहे खाता खाता एक साधी गोष्ट सुचली जी पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होती, की मला रेंडर नकोच आहे. मला कातडीवरची चमक नको, केसांची बट नको, पापण्या नकोत. मी चित्र काढणार आहे नं हाताने? मला फक्त गुडघा कुठे येतो आणि त्यामागे काय लपतं एवढं पाहिजे. सॉफ्टवेअर निवडणारे आपण सगळे तिथेच फसतो असं माझं मत झालं आहे, त्यांच्या पानावर जी सुंदर चित्रं लावलेली असतात तशी आपल्याला काढायचीच नसतात आणि तरी आपण तीच पाहून निवडतो.

मग यादी भराभर कमी झाली. मेटाह्युमन, एपिक गेम्सचं, २०२१ मध्ये जाहीर झालेलं, चेहरे असे की घाबरायला होतं, पण मला चेहरे नको होते. सुरुवातीला त्यात अंगाचे पर्याय मोजके होते, तीन उंच्या, तीन बांधे, बाई-पुरुष मिळून १८, आता २०२५ नंतर ते पुष्कळ मोकळं झालं आहे. तसंही त्यासाठी लागणारं अनरियल इंजिन माझ्या लॅपटॉपवर उघडणं म्हणजे... जाऊ द्या. व्हीरॉइड स्टुडिओ फुकट आणि हलकं आहे, पण ते जपानी ॲनिमेसारख्या मोठ्या डोळ्यांच्या पोरींसाठी, गिरजा आजीला तिथे पाठवणं बरं नव्हे. कॅरेक्टर क्रिएटर पैशांचं. क्लिप स्टुडिओ पेंट मात्र मला मोहात पाडून गेलं, त्यात चित्राच्या कागदावरच थ्रीडी बाहुली ठेवता येते, अंग जाड-बारीक करता येतं, आणि कॅमेऱ्यासमोर आपला हात धरला की बाहुलीचा हात तसा वळवायची सोयही आहे. एखादी कॉमिक काढणारी मैत्रीण विचारेल तर मी तिला तेच सांगेन. पण मी क्रिटा नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, सगळे ब्रश तिथले, हात तिथला बसलेला, आणि एका पुस्तकासाठी घर बदलायची माझी तयारी नव्हती.

एआयला सांग नं, असं तिघांनी सांगितलं. प्रकाशकाच्या करारातच नाही चालणार असं लिहिलं आहे, विषय संपला.

दरम्यान एक दुसरीच अडचण वर आली होती. डॅझमधली बाई मी म्हातारी करायला गेले. सुरकुत्या आल्या, केस पांढरे झाले, पण दिसत होती ती म्हातारीचा मेकअप केलेली नटी. कारण सांगाडाच उंच, खांदे मागे, मान ताठ. चित्रकला शिकताना आपल्याला साडेसात डोक्यांचं माणूस शिकवतात, म्हणजे डोक्याच्या साडेसातपट उंच, आणि सॉफ्टवेअरमधली मूळ माणसं तर आठाकडे झुकलेली. आमची आजी, म्हणजे माझी खरी आजी, जिच्यावरून मी गिरजा आजी काढते आहे, ती सहा-साडेसहा डोक्यांची असेल, आणि त्यातही पाठीला पोक. म्हातारपण तोंडावर कमी आणि गळ्याच्या हाडात, कोपरात, पाठीत जास्त असतं. आणि पाय! त्या मावशींचे पाय मी मोरीजवळ नीट पाहिले. बोटं फाकलेली, अंगठा बाहेर, पाऊल पुढे रुंद, पंख्यासारखं. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या पावलांची बोटं अशी जुळलेली की आत्ताच बूट काढले आहेत. उकिडवं बसलेल्या माणसाचा सगळा भार पावलावर असतो, ते पाऊल चुकलं की वरचं सगळं खोटं वाटतं.

तर म्हणून मेकह्युमन, माणसं बनवायचं आणखी एक फुकटवालं सॉफ्टवेअर. हे मी आधी उघडून बंद केलं होतं कारण ते दिसायला अगदीच साधं, राखाडी माणूस मधोमध आणि बाजूला पट्ट्या. पण त्या पट्ट्या सरकवायला लागले आणि दोन तास कसे गेले कळलं नाही. वय १ पासून ९० पर्यंत सरकतं, उंची, वजन, स्नायू, प्रमाण, आणि मग आत गेलं की प्रत्येक भागाच्या बारीक पट्ट्या, मान किती पुढे, दंड किती बारीक, पाऊल किती रुंद. वंशाच्या तीनच पट्ट्या आहेत, आफ्रिकन, एशियन, कॉकेशियन, आणि या तिघांच्या मिश्रणात आपली वर्धा-यवतमाळकडची बाई शोधायची, म्हणजे तीन डबे घेऊन भाजीची चव जुळवण्यासारखं. बऱ्यापैकी जुळली. वय ७० च्या आसपास, डोकं जरा मोठं, उंची कमी. पायाची बोटं मात्र नाही फाकली हवी तशी, ती मी पुढे हाताने ओढली.

हे ओपन सोर्स आहे आणि त्यातून बाहेर काढलेलं माणूस सीसी शून्य परवान्यात येतं, म्हणजे त्याच्यावर कोणाचाच हक्क नाही, पुस्तकात वापरा, विका, काहीही करा. प्रकाशकाने हा प्रश्न विचारलाच होता, आणि एका वाक्यात उत्तर देता आलं. डॅझमध्येही रेंडर केलेली चित्रं विकायला अडचण नसते, मूळ थ्रीडी देह कोणाला द्यायचा असेल तर वेगळा परवाना लागतो, मला तशी गरज नव्हती, पण ते समजावायला मला दोन ईमेल लागले असते.

मेकह्युमनमध्ये माणूस बनतं पण हवं तसं बसवता येत नाही, तयार पोझ लावता येतात तेवढ्या. बसवायला ब्लेंडर, थ्रीडीचं मोठं फुकट सॉफ्टवेअर. आता तर मेकह्युमनवाल्यांचं एमपीएफबी नावाचं प्लगइन आहे ज्याने ब्लेंडरमध्येच माणूस बनतं, मी तेच घेतलं शेवटी. ब्लेंडरबद्दल माझ्या मनात भीती होती, दहा वर्षांपूर्वी एकदा उघडलं होतं तेव्हा साधं क्लिक पण उजव्या बटणाने व्हायचं आणि मी अर्ध्या तासात पळ काढला होता. २०१९ च्या २.८ नंतर ते माणसात आलं आहे. तरी पहिले दोन दिवस भाचा शेजारी बसला होता, आणि "मावशी तू कीबोर्डला घाबरते काहून" हे त्याने किती वेळा म्हटलं ते सोडा.

पावलांना आयके लावलं, म्हणजे पाऊल जिथे ठेवलं तिथेच राहतं आणि कंबर खाली ओढली की गुडघे आपसूक वाकतात. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडलेच. कमरेचं हाड धरून खाली, खाली, खाली, आणि आजी हळूहळू बसायला लागली, जशी खरंच माणसं बसतात, आधी गुडघे पुढे, मग बूड मागे. आणि अगदी शेवटी, टाचांजवळ पोचताना, गुडघा चेपला. तोच पाइप. इथे कोणी आधीच कोरून ठेवलेला गुडघा नव्हता.

तीन दिवस त्या गुडघ्यात गेले. आर्मेचरच्या, म्हणजे हाडांच्या सांगाड्याच्या, मॉडिफायरमध्ये प्रिझर्व्ह व्हॉल्यूम अशी एक चौकट आहे, तिच्यात टिक केलं की गुडघा टम्म फुगतो, चपटा राहत नाही, पण मग उकडलेल्या बटाट्यासारखा गोल होतो. मग वेट पेंट. यात कातड्यावर रंग दिसतात, लाल म्हणजे हे हाड पूर्ण ताबा ठेवून, निळा म्हणजे काहीच संबंध नाही, आणि आपण ब्रशने तो ताबा कमी-जास्त करायचा. मी चित्रकार आहे म्हणून असेल, पण हे मला लगेच कळलं, गुडघ्याच्या वाटीमागची जागा जरा निळ्याकडे, वाटीवरची लाल, आणि वरून करेक्टिव्ह स्मूथ, म्हणजे चुरगळलेलं कातडं गुळगुळीत करायची सोय. झाला गुडघा. मांडी आणि पोटरी एकमेकांत घुसली होती अर्धा इंच, ती मी घुसू दिली, कारण खरंही मांस तिथे दबतंच, आणि तसंही लुगड्याखाली कोण पाहतं.

लुगडं. हो.

मी काय केलं ऐका. नऊवार म्हणजे ८.२ मीटर, पन्हा सव्वा मीटरच्या आत, म्हणून ब्लेंडरमध्ये तेवढी एक सपाट पट्टी बनवली. मनात आलं की कापडाचं सिम्युलेशन आहे, कापड खऱ्यासारखं कसं पडेल ते कॉम्प्युटरच काढतो, नेसवू हिला. निऱ्या नीट पडायच्या तर पट्टीचे तुकडे सेंटीमीटरभराचे तरी हवेत, म्हणजे ८२० गुणिले ११०, नव्वद हजारांच्या वर चौकोन, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला आणि अंगाला शिवून पाहायचं की आपण घुसत तर नाही. पाच सेंटीमीटरचे तुकडे केले तर साडेतीन हजारांत भागतं पण मग लुगडं न दिसता गोणपाट दिसतं. मी मधला आकडा घेतला. कासोटा मांड्यांमधून मागे घेतला, पिनने धरून ठेवला, आणि आजीला बसवलं. जिथे मांडी-पोटरी अर्धा इंच घुसली होती, जी मी मोठ्या मनाने घुसू दिली होती, तिथे कापड सापडलं. आता त्याला इकडूनही ढकलतात आणि तिकडूनही ढकलतात. दोन फ्रेम ते थरथरलं आणि तिसऱ्या फ्रेमला अख्खं लुगडं फटाक्याच्या लडीसारखं उडालं, पदर वर छताकडे, निऱ्या चारी दिशांना. भाचा खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार साडीचं मॉडेल घेतलं, नाव नाही घेत, आणि ते रेशमी, लग्नातलं, उभ्या बाईसाठी घट्ट बसवलेलं निघालं, वर चित्रात नऊवार म्हटलेलं आणि आत पाचवारीच्या निऱ्या. पैसे परत नाहीत. बसवल्यावर गुडघ्यांवर ते असं ताणलं गेलं जसं सतरंजी.

या सगळ्याला कंटाळून जूनमध्ये एका संध्याकाळी पायी निघाले. आम्ही महालात राहतो, चितार ओळ जवळच. तिथे गणपतीच्या, देवीच्या मूर्ती घडतात हे नागपुरात सगळ्यांना माहीत, आणि पावसाच्या आधीपासून कामं सुरू होतात. एका कारखान्यात एक दादा उकिडवेच बसून काम करत होते (हे माझ्या लक्षात यायलाच पाहिजे होतं, दोन महिने!). समोर एका बाईची मूर्ती, बसलेली, आत लाकडाचा सांगाडा, त्यावर तणस, म्हणजे पेंढा, सुतळीने गुंडाळलेली, वरून माती. हाडं आणि कातडं, मध्ये मांस म्हणून तणस. मी उभी राहून पाहत राहिले. ते लुगड्याच्या चुण्या करत होते बांबूच्या चपट्या काडीने, आणि मी विचारलं की बसल्यावर चुण्या कुठे पडतात हे कसं ठरवता.

"पुरं लुगडं कायले करता ताई," ते म्हणाले. "चार जागा धरा. कंबर, दोन गुडघे, खांदा. जिथं तानते तिथून चुन्या निघतेत, अन् जिथं ढिलं राहते तिथं पोट येते कापडाले. बाकी हातानंच येते."

मी म्हटलं दोन गुडघे म्हणजे एकच जागा धरली का. तर म्हणे, हो मग, दोन्हीवरून एकच कापड ताणते नं.

घरी येऊन सिम्युलेशन पुसून टाकलं. आजीच्या अंगावर कंबर, गुडघे आणि खांदा इथे छोटे लाल गोळे ठेवले, ब्लेंडरमध्येच, आणि कासोटा जिथून मागे जातो तिथे पाचवा, तो माझ्या मनाने. आता मी आजीला कोणत्याही कोनातून पाहिलं की ते गोळे दिसतात आणि त्यातून चुण्या काढायच्या, ताण तिथून सुरू. कॅमेऱ्याची लेन्स ५० एमएमवरच ठेवते, ब्लेंडरमध्ये ती मुळातच तेवढी असते, कारण एकदा नाटकी दिसावं म्हणून १८ वर नेली होती तर आजीचा विळ्याचा हात तिच्या डोक्याएवढा झाला आणि मी तसाच गिरवला, प्रकाशकाने विचारलं की आजीला हातमोजा घातला आहे का.

ब्लेंडरमध्ये लाइन आर्ट म्हणून एक आहे ज्याने आपोआप रेघा निघतात, ते पाहिलं, रेघा बरोबर असतात पण सगळ्या सारख्या, जिथे भार आहे तिथे जाड होत नाहीत. त्यामुळे मी फक्त राखाडी आजीचा स्क्रीनशॉट घेते, क्रिटात खालच्या थरावर ३० टक्के फिका करून ठेवते, आणि वरून काढते. रेंडर नाही, प्रकाश नाही, काही नाही. या कामाला ग्राफिक कार्ड लागलं नाही शेवटपर्यंत, हे मी भाच्याला मुद्दाम सांगितलं.

निंदणाच्या पानावर पाच बाया आहेत. पाचही एकाच आजीपासून बनवल्या, वय खाली ओढलं, वजन वाढवलं, एकीची उंची, आणि लुगड्याऐवजी पाचवारी, वरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, शेतात बाया घालतात तसा. शर्ट काढणं लुगड्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं. कोपराशी रडवलं त्याने.

पान पूर्ण झाल्यावर आईला दाखवलं. ती बराच वेळ पाहत होती, चष्मा वर करून, खाली करून. मला वाटलं आता म्हणेल अगदी आजीसारखी झाली. तर तिने डावीकडून दुसऱ्या बाईवर बोट ठेवलं आणि म्हणे, "हिची टाच उचलली आहे. अशी बसून पुढे सरकली तर तोंडावर पडन नं ती."

मी झूम करून पाहिलं. उचलली होती. वजन वाढवलं तेव्हा घोटा जरा फिरला असणार आणि मी तसाच गिरवला. परत ब्लेंडर उघडलं, पावलाचं हाड धरलं, टाच खाली टेकवली, तर कंबर मागे गेली, गुडघे वर आले, आणि शर्टाचा कोपर पुन्हा पहिल्यापासून.